इहीर : भाग दुसरा

३ सप्टेंबर

"थे मारून नाई राह्यली, थे वर येऊन राह्यली."

दादाचं वाक्य. मी तेव्हा अकरा वर्षांची. हे वाक्य अधूनमधून उगाचच आठवतं, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. आज मात्र कारण होतं.

कोर्टातून घरी येत होते. ऑटोत फोन वाजला. आसेगावच्या आमच्या ग्रुपवर गौतमचा मेसेज : "इहीरचा दुसरा भाग येऊन राह्यला. मायची आन!" खाली मिनिटभराची झलक. बर्फ. अंधार. बर्फात खोल खणलेलं ते गोल भोक. काठावर लाल लोकरी टोपी घातलेली बाई, पाठमोरी. मग ती वळली. टोपीखालचे केस पांढरे.

तीच बाई. तीच नटी. मधली सगळी वर्षं तिच्याही चेहऱ्यावरून गेलेली.

ऑटोवाला म्हणाला, "ताई, उतरता ना? तुमचं घर आलं." मी उतरले आणि फाटकापाशी उभी राहून पुन्हा पाहिलं. मग पुन्हा.

सिनेमाचं खरं इंग्रजी नाव झलकीत मोठ्या अक्षरांत आहे. इथं लिहीत नाही. आसेगावात त्या नावानं तो कुणी ओळखत नाही. आमच्यासाठी तो 'इहीर'. दुसरा भाग म्हणजे इ-२.

दादाला तो मेसेज वेगळा पाठवला. दोन निळ्या खुणा. बस, तेवढंच.


४ सप्टेंबर

दादाच्या मुलीचा, प्राचीचा, पुण्याहून मेसेज. "आत्या, ग्रुपवर सगळे वेडे झालेत. त्या दिवशी नक्की काय झालं होतं? बाबा कधी नीट सांगतच नाहीत." तिला लिहून पाठवलं ते इथंही ठेवते.

एप्रिलमधला जयंतीचा आठवडा. वस्तीनं वर्गणी काढून मंगरूळपीरहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. रात्री लाइट नसायची, म्हणून दुपारीच विहाराच्या खिडक्यांना तरटं लावून अंधार केला. कव्हर एका हिंदी मारामारीच्या सिनेमाचं. आत निघाला हा. बर्फ, शास्त्रज्ञ आणि सगळं इंग्रजी. व्हीसीआरवाला सायकलवर टांग मारून केव्हाच गेलेला. बायका उठायला लागल्या. तेवढ्यात कोणी तरी म्हणालं, "सुभाष कालेजात जाते. त्याले इंग्रजी येते. थो सांगीन."

दादा एकोणीस वर्षांचा. त्या वर्षी इंग्रजीतच नापास झाला होता. हे फक्त आईला आणि मला माहीत. तो टीव्हीशेजारी जाऊन उभा राहिला, हातात फूटपट्टी, आणि सांगायला लागला.

काय सांगत होता! शास्त्रज्ञांना नावंच नव्हती. सायेब, चष्मेवाला, लाल टोपीवाली. त्यांनी बर्फात खोल यंत्र सोडलं, खालून कुणीतरी ओ दिली, मग एकेक माणूस नाहीसा व्हायला लागला. ते जे काही होतं ते पडद्यावर धड दिसतच नाही. आणि एका ठिकाणी चष्मेवाला भिंतीला पाठ लावून किंचाळतो. दादा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "इहीर म्हनते थो. थे इहिरीत हाये!"

आमच्याकडे विहिरीला इहीर म्हणतात. बर्फातलं भोक गोल होतंच. सगळ्यांना पटलं.

शेवटी लाल टोपीवाली एकटी उरते. भोकात सोडलेला दोर हलायला लागतो. तेव्हा दादा खालच्या त्या 'थे'ला बाई करून ते वाक्य बोलला. मारून नाई राह्यली, वर येऊन राह्यली. समोर बसलेली सखूबुढी म्हणाली, "मंग येऊ द्या. बसाले जागा द्या तिले." आणि खरंच थोडी सरकली.

प्राचीनं उत्तरात नुसते हसरे चेहरे पाठवले. आमच्या वस्तीतलं कुणी सखूबुढीच्या बोलण्यावर तेव्हा हसलं नव्हतं, हे तिला कसं सांगू. विहिरीत गेलेली बाई म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.


९ सप्टेंबर

ग्रुप दिवसभर वाजतोय. नावही बदललं, 'इहीरवाले'. गौतम अॅडमिन. मंगरूळपीरला त्याचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे सगळं आधी त्याला कळतं.

गौतम : "पहिल्या भागात इहीर बुजवली नवती का?"

वंदी (ती नाशिकला नर्स आहे) : "बुजवली नाई. झाकन ठेवलं होतं. झाकनानं काय होते?"

गौतम : "माह्या पोरगा म्हनते, बाबा हा पिच्चर इंग्रजी हाये. म्या म्हटलं, चूप बैस, हा पिच्चर वऱ्हाडी हाये."

खूप हसले. मग वंदीनं लिहिलं, "सुभाषदादा, तुमी काई बोला ना." आणि लगेच पुसलं. दादाच्या आवाजाचं तिलाही पाठवल्यावर लक्षात आलं असणार.


१४ सप्टेंबर, रविवार

आसेगावला जाऊन आले.

दादाच्या घशाच्या ऑपरेशनला दीड वर्ष होत आलं. कारण खर्रा, सुपारी-तंबाखूचा. एका बाजूचं काढलं, एक बाजू राहिली. आवाज आहे, पण पत्र्यावरून दगड ओढल्यासारखा. अकोल्याचे डॉक्टर प्रत्येक वेळी तेच सांगतात : बोला. नाही बोललात तर आहे तोही जाईल. दादा मान हलवतो आणि बोलत नाही. लिहितो. दारामागं एक पाटी टांगली आहे, आणि फोन आहे. वहिनीला हाक मारायची तर टाळी वाजवतो.

वहिनी म्हणाली, "येष्टीत कंडक्टर होते तवा मागच्या शिटावरच्या बुढ्याले तिकीट इचारत त सामोरचा डायवर दचके. आता मले बोलवाले टाळ्या वाजवतेत. म्या म्हनते, मी काय कबूतर हावो?" दादा हसला. आवाज न करता, खांदे हलवून.

त्याला झलक दाखवली. बाई वळते तिथं त्यानं बोटानं थांबवलं. मागं नेलं. पुन्हा पाहिलं. मग पाटीवर : "म्हातारी झाली."

मी म्हटलं, "आपन बी झालो." त्यानं पाटी पुसली.

"लागला का पाहाले जाऊ. अकोल्याले, नाई त वाशीमले."

मान नाही म्हणाली.

"काहून?"

लिहिलं : "खोकला येते. लोक वयून पाह्यतेत."

मी म्हटलं, भुताच्या पिच्चरमध्ये कोण कुणाकडे वळून पाहतं. त्यानं पाटी उलटी केली. म्हणजे विषय संपला. पूर्वी विषय संपवायचा असला की तो घंटीची दोरी ओढल्यासारखा हात करायचा, टण टण, चला. ते आज केलं नाही.

येताना वहिनी फाटकापर्यंत आली. "नंदा, याले बोलतं कर वं बाई. माह्याशी भांडत बी नाई आता. पाटीवर काय भांडन होते? मी चार बोलून मोकळी होतो, हा लिवतच राह्यते."


२२ सप्टेंबर

आज कोर्टात शेतीच्या वादातली साक्ष होती. साक्षीदार म्हातारा, सारखा म्हणे, "इहीर आमची, वाट त्यायची." मी इंग्रजी केलं. विहीर, वाट. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तेच माझं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं या भाषेतून त्या भाषेत नेते आहे, वाटेत काही सांडू न देता. आणि गोष्टी लिहायची हौस मात्र लागली ती एका अशा माणसामुळे ज्यानं सगळंच सांडलं आणि स्वतःचं भरलं.

संध्याकाळी प्राचीचा फोन. धाप लागल्यासारखी बोलत होती.

"आत्या! मी पहिला भाग काढून पाहिला. त्यात इहीर नाहीच आहे! तो माणूस 'इट्स हिअर' म्हणून ओरडतो. हिअर! बाबांनी हिअरचं इहीर केलं!"

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

अमरावतीला होस्टेलवर असताना एकदा टीव्हीवर लागला होता. चष्मेवाला भिंतीला टेकला आणि मी विहिरीची वाट पाहत बसले. तो म्हणाला, हिअर. मी इतकी हसले की शेजारच्या पोरी माझ्याकडेच पाहायला लागल्या. हसता हसता कधी रडू यायला लागलं कळलं नाही. रडायचं काही कारणही नव्हतं. फक्त तो सिनेमा फार लहान होता. दादाचा किती मोठा होता.

"बाबांना सांगू?" प्राची.

"नको."

"का पण? किती गोड आहे ते!"

गोड आहेच. पण आज त्याच्याकडे बोलायला काही राहिलं नाही असं त्याला वाटत असताना, तेव्हा बोललेलंही चूक होतं हे कशाला सांगायचं. एवढं फोनवर बोलले नाही. नुसतं परत 'नको' म्हटलं.


२८ सप्टेंबर

प्राचीनं ऐकलं नाही.

म्हणजे आधी दादाला नाही, जगाला सांगितलं. या सिनेमाचे वेडे चाहते जगभर आहेत म्हणे, इंटरनेटवर एका ठिकाणी जमतात. इ-२ची झलक आल्यापासून तिथं मोठी भांडणं चालू आहेत. ते खालचं जे आहे ते यंत्र आहे, की प्राणी, की कोणता रोग. जुने चाहते म्हणतात, दाखवू नका, दाखवलं की संपलं. नवे म्हणतात, एकदाचं सांगून टाका. दोन्ही बाजूंना एकच भीती, की दुसरा भाग पहिल्याची माती करणार. (मलाही तीच. पण माझा पहिला भाग वेगळा आहे.)

तिथं प्राचीनं इंग्रजीत लिहिलं. विहार, तरटं, फूटपट्टी, हिअर आणि इहीर, आणि शेवटचं वाक्य. सखूबुढी सरकली तेही.

लोकांनी डोक्यावर घेतलं. कुणी कुठल्या कुठं बसून लिहितंय की हीच खरी गोष्ट असायला हवी होती. कुणी विचारतंय, तुमच्या गावातल्या गोष्टीत पुढं काय होतं? आणि पुष्कळ जणांचं एकच : त्या माणसाच्या आवाजात ऐकवा. रेकॉर्ड करून टाका ना.

तिनं आनंदानं सगळं बापाला पाठवलं. त्याच्या आवाजात ऐकवा हेसुद्धा.


२९ सप्टेंबर

वहिनीचा फोन. "तुह्या भावानं फोन गव्हाच्या कोठीत टाकला. दिवसभर कोठीतून रिंग येऊन राह्यली. मी भेली ना! म्हटलं गव्हात कोन बोलून राह्यलं."

हसू आलं आणि लगेच गेलं.

"जेवला का?"

"जेवले. पाटी बी धुवून ठेवली. आता लिवत बी नाई."

प्राची रडत होती. मी तिला रागावणार होते, पण जमलं नाही. बापाचं कौतुक जगाला सांगावंसं वाटलं, यात रागावण्यासारखं काय. तिनं ते सगळं काढून टाकलं म्हणे. तरी लोक विचारतायत, कुठं गेली ती गोष्ट.

दादाला काय लागलं असेल? चूक उघडी पडली ते? की आवाज मागितला ते? मला वाटतं, दुसरं. कंडक्टर माणसाला अख्खी गाडी विचारते आहे, आणि त्याच्याकडे


२ ऑक्टोबर

वरचं वाक्य त्या दिवशी पुरं झालं नाही. राहू दे.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. आसेगावच्या विहारात वंदना. विहार आता पक्का झालाय, फरशी, पंखे, खिडक्यांना काचा. टीव्ही कुठं ठेवला होता ती जागा मी दर वेळी मनात शोधते. सापडत नाही.

पूर्वी वंदना दादाच म्हणायचा. पुढं उभा राहून, आम्ही मागून. आज तो शेवटच्या रांगेत, भिंतीशी. मी मुद्दाम त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. सगळे म्हणत होते. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, नुसतेच हलतायत.

नाही. मी जरा डावीकडं झुकले तेव्हा ऐकू आलं. अगदी बारीक, खरखरीत, पण शब्दन् शब्द. सगळ्यांच्या आवाजाखाली तो म्हणत होता. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. मी समोर पाहत राहिले, ऐकलंच नाही अशी.

म्हणजे आवाज आहे. आहे अजून.


२ ऑक्टोबर, संध्याकाळ

वाशीमला घरी पोचते तोच दादाचा मेसेज. कोठीतून फोन निघाला म्हणायचा. जसाच्या तसा उतरवते :

"प्राचीले रागावू नको. हिअर म्हंजे अठी एवढं मलेही येत होतं. सामोर बारके बारके पोट्टे बसले होते. त्यायच्यात तू. थे अठी हाये म्हटलं असतं त कोनाच्यानं घरी गेलं असतं? इहिरीत म्हटलं. इहीर गावाबाहेर होती."

किती वेळ वाचत बसले.

खरं असेल? की विहारातून परत जाताना सुचलं असेल? त्या वर्षीचा नापास पेपर इंग्रजीचा होता, हे मी विसरलेली नाही. पण 'हिअर' कुणाला येत नाही? आणि 'इहीर' म्हणायच्या आधी तो थांबला होता. मला आठवतं. फूटपट्टी हवेत होती, आणि तो आमच्याकडे पाहत होता, पडद्याकडे नाही.

की हेही मी आत्ता रचलं?

काही का असेना. मी त्या संध्याकाळी घरी गेले होते. एकटी. विहिरीच्या वाटेला न जाता.


७ ऑक्टोबर

इ-२ शुक्रवारी लागतोय. बाहेरच्या देशांत आधीच दाखवला. प्राची एकेक प्रतिक्रिया मराठी करून ग्रुपवर टाकते आहे, गोष्ट न फोडता. गौतमनं नियम केलाय, जो गोष्ट सांगीन त्याले ग्रुपमदून हाकलू.

पहिल्या प्रतिक्रिया अशा : पहिला अर्धा भाग सुंदर, मग फार समजावून सांगतात. एक म्हणतो, भीती कमी, दुःख जास्त, मला दुःख नको होतं. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं वाट पाहिली त्याचं चीज झालं. तिसरा नुसता चिडलाय. पण सगळ्यांच्या बोलण्यात एक जागा सारखी येते. साधारण मधोमध म्हातारी लाल टोपीवाली भोकाच्या काठावर जाते, टोपी काढते, आत वाकते आणि काहीतरी बोलते. वारा इतका की शब्द ऐकू येत नाहीत. बनवणाऱ्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय. काय म्हणाली? त्यावरून आता नवी भांडणं. कुणी ओठ वाचायला बसलंय.

वंदी : "दादाले इचारा, थो सांगीन."

या वेळी लिहून तिनं पुसलं नाही. मला बरं वाटलं.


१० ऑक्टोबर

गौतम दुकान बंद करून अकोल्याला पहिला शो पाहून आला. ग्रुपवर : "मी काईच सांगत नाई. नियम म्हंजे नियम. पन शेवटी त्यायनं तिले"

लगेच पुसलं. 'हा संदेश हटवला आहे.'

वंदी : "तिले काय? तिले काय रे बैला?"

गौतम : "मी अॅडमिन हावो. मले कोनी काढू शकत नाई."


१२ ऑक्टोबर, रविवार

वहिनी दादाची औषधं आणि दिवाळीचं काही घ्यायला वाशीमला आली. मी म्हटलं, चला. ती म्हणाली, "मी कायले? म्या थो पयला बी नाई पाह्यला." ती शिरपूरची. लग्नानंतर आसेगावला आली, विहारातल्या त्या दुपारी ती नव्हतीच. तिनं 'इहीर' फक्त दादाच्या तोंडून ऐकलाय. "लग्न झाल्यावर माहेरी जातानी येष्टीत सांगतला सगळा. मी इतकी भेली का शिरपूर आलं तरी उतरो नाई."

तिकीट हिंदीचं म्हणून काढलं. आत बसलो, अंधार झाला, आणि सुरू झाला तो इंग्रजी. हिंदीचं काहीतरी अडलं होतं म्हणे. लोकांनी शिट्ट्या मारल्या, दोघे-तिघे भांडायला बाहेर गेले, बाकीचे पैसे दिलेत म्हणून बसून राहिले. परत तेच. तीच दुपार.

वहिनीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "सांग ना मंग."

मी सांगायला लागले. हळू आवाजात, वाक्यामागून वाक्य, नीट. ती म्हणते, मोजमाप चुकलं आहे. तो म्हणतो, परत जाणं शक्य नाही. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतला एक जण वळला. मला वाटलं, गप्प बसा म्हणणार. तो म्हणाला, "ताई, जराशा जोरानं सांगा ना. आमालेही समजत नाई." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "हो ना. आनि थे काळं काळं काय हाये, थे बी सांगा." तिच्या मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती.

मी जोरानं सांगितलं. अचूक सांगितलं. वहिनी जांभया द्यायला लागली. "लय कोरडं सांगतं तू बाप्पा. तुह्या भाऊ असता त आतापर्यंत मी दोनदा रडली असती."

मग ती जागा आली. या भागातही आहे. एक तरुण पोरगा भिंतीला पाठ लावून किंचाळतो. तेच दोन शब्द. सगळी रांग माझ्याकडे वळली. आणि मी, कोर्टाची भाषांतरकार, म्हणाले, "अठी हाये. थे अठीच हाये."

पुढची मुलगी रडायला लागली. मोठ्यानं. आईच्या पदरात तोंड खुपसून, डोळे माझ्याकडे, खुर्च्यांच्या खालच्या अंधाराकडे, परत माझ्याकडे.

वहिनी उठून पुढं वाकली. "नाई वं माय, नाई. या आत्याले इंग्रजी येत नाई. अठी नाई थे, इहिरीत हाये. इहीर लय दूर हाये." पोरगी हुंदके देत थांबली. "कुठची इहीर?" वहिनी म्हणाली, "आसेगावची. तठी जाले येष्टी लागते."

मी तोंडावर ओढणी धरली. हसत होते की काय ते मलाच माहीत नाही.

म्हणजे दादाचं खरं होतं. किंवा खरं नसलं तरी बरोबर होतं.

मध्यंतराच्या आधी लाल टोपीवाली काठावर गेली. टोपी काढली. पांढरे केस वाऱ्यात. आत वाकली आणि बोलली. वारा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला धम्मचक्र दिनाची विहारातली शेवटची रांग दिसली. पुढच्या रांगेतला विचारत होता, "काय म्हनाली ताई, काय म्हनाली?" मी म्हटलं, "ऐकू आलं नाही."

दिवे लागले. वहिनीची मंगरूळपीरची गाडी चुकली असती, म्हणून निघालो. दुसरा अर्धा पाहिला नाही. खरं म्हणजे मी एकटी परत आत जाऊ शकत होते. गेले नाही.


१३ ऑक्टोबर

वहिनीचा फोन, हसतच. "काल गेल्या गेल्या याले सगळा पिच्चर सांगतला. थे पोट्टी रडली थे बी सांगतलं. हा आयकून राह्यला, आयकून राह्यला. धुवून ठेवलेली पाटी घेतली ना लिवलं, 'मंग?' म्या म्हटलं, मंग काय? मंग येष्टी आली!"

"मग?"

"मंग काई नाई. बसला पाटी घेऊन. चिडला माह्यावर. अर्धा कायले पाह्यला म्हनते." जरा थांबून : "नंदा, लय दिवसांनी चिडला वं."


१६ ऑक्टोबर

हिंदी नीट लागलाय आता. ग्रुपवरच्या बहुतेकांनी पाहिला. कुणाला आवडला, कुणाला नाही. वंदी म्हणते, ती डोळे मिटून पाहत होती, दादा काय म्हणाला असता ते मनात म्हणत. गौतम म्हणतो, पिच्चर चांगला हाये पन सांगनारा नवता.

हिंदीतही त्या बाईचे शब्द ऐकू येत नाहीत म्हणे. जगभरचे लोक अजून भांडतायत. मला उरलेला सिनेमा कुठंही पाहता येईल, उद्यासुद्धा. पाहायचा नाही. पडद्यानं सांगितलेला शेवट एकदा कळला की तो दादाकडे मागता येणार नाही.

सकाळपासून त्याला मेसेज लिहिते आहे आणि पुसते आहे. डॉक्टरांचं काही लिहायचं नाही. आवाज जाईल वगैरे नाही. रेकॉर्ड करणार नाही, एवढं लिहिलं होतं, तेही काढलं. त्याला ते सांगावं लागू नये. तो काय करील ते मला दिसतंच आहे. वाचील, दोन निळ्या खुणा होतील, पाटी उलटी होईल. फार तर लिहील, 'पाहू'. आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही. विहारातली ती बारीक खरखर मी ऐकली हे त्याला कळलं आहे, म्हणून तर तो आणखीच नाही म्हणेल.

तरी आता पाठवते. पाठवायच्या आधी इथं उतरवते, नाही तर परत पुसला जाईल.

"दादा, रविवारी येतो. म्या अर्धाच पाह्यला, तू पाह्यलाच नाई, म्हंजे दोघायले बी पुढचं ठाऊक नाई. तवा बी ठाऊक नवतं. पाटी नको काढू, फोन पुन्ना कोठीत टाकला तरी चालते. मी भिंतीपाशी बसतो, वहिनीले बी जागा ठेवतो. लाल टोपीवाली इहिरीत वाकून काय म्हनाली, थे मले तोंडानं सांग."